बोटाचा चिमटा आणि आपली सावळी कातडी



गेल्या महिन्यात एका घरी मलिद्याला जमलो होतो. प्रार्थना झाली, गूळ-खोबरे घातलेल्या पोह्यांचे आणि फळांचे ताट फिरले, चहा आला आणि नेहमीप्रमाणे गप्पा तब्येतीवर आल्या. एका काकांनी बाही वर केली. दंडावर रुपयाएवढी पांढरी चकती. "आता बोट टोचायला नको," ते म्हणाले. एका काकूंच्या गळ्यात लाल बटणाचे लॉकेट होते. तिसऱ्यांनी मनगटी घड्याळावर आपल्या हृदयाचा आलेख काढून दाखवला. मग ८४ वर्षांच्या एका आत्यांनी पर्समधून बोटाला लावायचा चिमटा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"सिस्टर, टीव्हीवर सांगत होते की हे यंत्र काळ्या माणसाशी खोटं बोलतं. आपण काळे की गोरे? मी यावर विश्वास ठेवू की नको?"

सगळे हसले. मला हसू आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या घरी फार महागात शिकले आहे. या वेळचा लेख म्हणून त्या चिमट्यावर, आणि त्याच्या मागोमाग आपल्या घरात शिरू लागलेल्या इतर नव्या यंत्रांवर.

माझ्या घरची गोष्ट

२०२१ चा जानेवारी. माझ्या यजमानांना कोविड झाला. घरी ऑक्सिमीटर, म्हणजे हाच चिमटा, होता. दिवसातून चार वेळा लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा. ९६, ९५, ९५, ९४. फोनवर विचारले तेव्हा लक्ष ठेवा, आकडा आणखी उतरला तर कळवा, असे सांगण्यात आले. मीही तेच केले. चिमटा लावत राहिले, आकडे लिहीत राहिले.

तिसऱ्या रात्री त्यांनी पाणी मागितले. "मला... पाणी... दे." तीन शब्द आणि तीन वेळा दम. मी दिवा लावला, चिमटा लावला. ९४. मग मात्र माझ्यातली जुनी नर्स जागी झाली. त्यांचा खालचा ओठ बोटाने उलटून पाहिला. आतून गुलाबी दिसायला हवा, तो जांभळट दिसत होता. घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला अठ्ठावीस. मी ९९९ ला फोन केला.

रुग्णालयात मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन तपासले, तेव्हा खरा ऑक्सिजन चिमट्याने दाखवला त्याहून सहा अंकांनी कमी निघाला. एकोणीस दिवसांनी ते घरी आले आणि आजही माझ्या चहाला नावे ठेवतात, देवाची कृपा. पण एक गोष्ट मला अजून टोचते. इतकी वर्षे मी वॉर्डात काढली, आणि तीन दिवस समोरच्या माणसाकडे न बघता आकड्याकडे बघत राहिले.

मुंबईत आम्ही नर्सिंग शिकत होतो तेव्हा असले यंत्र नव्हते. आमच्या वॉर्ड सिस्टर सांगायच्या, "कातडीचा रंग बघू नका, ओठ उलटून बघा, जीभ बघा, नखाखाली बघा." खाटेवर गोरा, सावळा, काळा, सगळ्या रंगांचा माणूस असे, म्हणून हे शिकवावेच लागे. पुढे इंग्लंडला आले तर इथल्या पुस्तकात "रुग्ण निळसर दिसतो" एवढेच लिहिलेले. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गोरा रुग्ण होता. यंत्राच्या बाबतीत झाले तेही काहीसे तसेच.

चिमटा मोजतो कसा?

लहानपणी कंदील गेला की आपण टॉर्चवर तळहात ठेवायचो आणि बोटे लाल दिसायची, आठवते? चिमट्यात तोच खेळ आहे. एका बाजूने दोन प्रकारचे प्रकाश बोटात सोडतात. एक लाल, दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. दुसऱ्या बाजूला किती प्रकाश पोचला ते मोजतात. ऑक्सिजनने भरलेले रक्त लालभडक असते आणि लाल प्रकाश बराचसा जाऊ देते. ऑक्सिजन संपलेले रक्त काळपट असते आणि लाल प्रकाश गिळून टाकते. या दोन्ही प्रकाशांच्या प्रमाणावरून यंत्र आकडा काढते.

यातली खरी युक्ती ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधली. बोटात हाड आहे, मांस आहे, शिरांतले रक्त आहे, मग धमनीतल्या रक्ताचेच माप वेगळे कसे काढायचे? त्यांच्या लक्षात आले की नाडीच्या ठोक्याबरोबर कमीजास्त होते ते फक्त धमनीतले रक्त. बाकीचे स्थिर असते. तेव्हा जे हलते तेवढेच मोजायचे. या एका कल्पनेने जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत किती जीव वाचले असतील, गणती नाही. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये, ८४ व्या वर्षी वारले. त्याच सुमारास त्यांचे यंत्र घरोघर पोचत होते.

मग चूक कुठे झाली? कातडीला रंग देणारे जे द्रव्य, मेलॅनिन, तेही प्रकाश गिळते. यंत्र तयार करताना निरोगी स्वयंसेवकांना प्रयोगशाळेत कमी ऑक्सिजनची हवा देतात, धमनीतले रक्त तपासतात आणि त्याच्याशी यंत्राचा आकडा जुळवतात. हे स्वयंसेवक बहुतेक गोरे असतील तर यंत्र गोऱ्या बोटाला जुळते. अमेरिकेच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार अशा चाचणीला किमान दहा माणसे पुरत, आणि त्यांत गडद कातडीची दोन असली तरी चाले. दोन माणसांच्या बोटांवरून जगातल्या सगळ्या काळ्यासावळ्या लोकांचा हिशेब!

काय उघडकीला आले

२०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटे पत्र छापले. चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली, असे किती वेळा होते ते त्यांनी पाहिले. गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा. म्हणजे जवळजवळ तिप्पट. पुढच्या मार्चमध्ये इथल्या एनएचएस रेस अँड हेल्थ ऑब्झर्व्हेटरीनेही हा प्रश्न लावून धरला.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी स्वतंत्र चौकशी जाहीर केली. लिव्हरपूल विद्यापीठाच्या प्राध्यापिका डेम मार्गारेट व्हाइटहेड तिच्या प्रमुख होत्या. अहवाल २०२४ च्या मार्चमध्ये आला. त्याचा सारांश असा, की गडद कातडीवर चिमटा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. त्यामुळे आजार उशिरा ओळखला जाण्याचा धोका आहे. पण म्हणून चिमटे फेकून देऊ नयेत, ते नीट समजून वापरावेत, आणि नवी यंत्रे सगळ्या रंगांच्या कातडीवर तपासूनच बाजारात आणावीत. अमेरिकेतही २०२५ च्या जानेवारीत नव्या नियमांचा मसुदा निघाला आहे. त्यात दहाऐवजी किमान १५० माणसांवर, फिक्यापासून गडदापर्यंत सगळ्या रंगछटांच्या बोटांवर चाचणी करावी असे म्हटले आहे.

तेव्हा आत्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे. आपल्यात कोणी केतकी वर्णाचे, कोणी सावळे, कोणी चांगले काळे. यंत्र जातधर्म विचारत नाही, त्याला फक्त कातडी दिसते. ती जितकी गडद, तितका आकडा फुगण्याचा संभव जास्त.

घरी चिमटा लावताना

पाच मिनिटे शांत बसा. हात गार असतील तर चोळून गरम करा, इथल्या थंडीत हे फार महत्त्वाचे. नेलपॉलिश काढा, चिकटवलेली नखे काढा, काळी मेंदी असेल तर न रंगलेले बोट निवडा. मधले किंवा तर्जनी घ्या. हात छातीशी टेकवून स्थिर ठेवा. निदान एक मिनिट थांबा आणि आकडा पाच सेकंद न हलता टिकला की मग लिहा.

कोविडच्या काळात एनएचएसने पायऱ्या दिल्या होत्या. ९५ किंवा वर असेल तर घरी राहा. ९३ किंवा ९४ असेल तर जीपीला किंवा १११ ला फोन करा. ९२ किंवा खाली असेल तर ९९९. दमा-खोकल्याच्या जुनाट विकाराने, सीओपीडीने, काहींचा आकडा एरवीही कमी असतो. त्यांनी आपला आकडा किती असावा हे डॉक्टरांना विचारून ठेवावे.

माझा आग्रह आहे तो आणखी एका गोष्टीचा. बरे असताना आपला नेहमीचा आकडा काढून फ्रिजवर लावून ठेवा. एकट्या आकड्यापेक्षा उतार पाहायचा असतो. नेहमी ९८ असणाऱ्याचा ९४ झाला तर तो चार अंकांनी उतरला, ही बातमी मोठी आहे. डॉक्टरांनाही तसेच सांगा, "माझा एरवी ९८ असतो."

आणि आकडा कितीही छान असो, माणसाकडे बघा. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येते का? श्वास मिनिटाला बारा ते वीस असावेत. विसाच्या वर गेले तर लक्ष द्या, पंचविसाला पोचले तर वाट पाहू नका. ओठ उलटून बघा, जीभ बघा. म्हातारे माणूस अचानक बरळू लागले किंवा गळून पडले तर तेही लक्षण समजा.

दंडावरची चकती

आता काकांची चकती. २०१७ च्या नोव्हेंबरपासून ती एनएचएसवर मिळू लागली. पंतप्रधान असताना थेरेसा मे यांच्या दंडावरही ती अनेकांनी पाहिली असेल. बहुतेक चकत्या दहा ते पंधरा दिवस टिकतात. केसाएवढी बारीक तार कातडीखाली असते आणि साखरेचा आकडा फोनवर येत राहतो. टाइप टू मधुमेहात ही सर्वांना मिळत नाही. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांना, आणि त्यातही ज्यांची साखर वारंवार खाली जाते, ती गेल्याचे ज्यांना कळत नाही किंवा अपंगत्वामुळे ज्यांना बोट टोचून तपासता येत नाही अशांना द्यावी, असे नाइस या संस्थेने २०२२ मध्ये सांगितले. आपण त्यात बसतो का, हे डायबेटिस नर्सला जरूर विचारा. ती आपण होऊन सांगेल असे धरून बसू नका.

एक गोष्ट समजून घ्या. चकती रक्तातली साखर मोजत नाही. ती पेशींच्या मधल्या पाण्यातली साखर मोजते. आगगाडीचे इंजिन वळणावर वळले तरी शेवटचा डबा थोड्या वेळाने वळतो, तसे हे पाणी रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे असते. म्हणून घाम फुटला, हात थरथरले आणि फोन मात्र "ठीक" म्हणतो, तर फोनवर विसंबू नका. बोट टोचून पाहा. तेवढा वेळ नसेल तर आधी साखर खा. रात्री त्या दंडावर झोपलात तर चकती दाबली जाऊन खोटा कमी आकडाही दाखवते. काही चकत्यांचा आकडा व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्यांनी बिघडतो, तेही विचारून घ्या.

याच चकतीला इन्सुलिनचा पंप आणि हिशेब करणारा संगणक जोडला की झाले हायब्रिड क्लोज्ड लूप. लोक त्याला कृत्रिम स्वादुपिंड म्हणतात. केंब्रिजचे प्राध्यापक रोमन होव्होर्का यांनी यावर अनेक वर्षे खपून काम केले. नाइसने डिसेंबर २०२३ मध्ये टाइप वन रुग्णांसाठी याला मान्यता दिली आणि एप्रिल २०२४ पासून एनएचएस ते टप्प्याटप्प्याने देऊ लागली. रात्रभर साखर कोसळेल या भीतीने मुलाच्या उशाशी बसणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांना आता झोप लागते, हे काही थोडके नाही.

मात्र बाजारात "न टोचता साखर सांगणारे" घड्याळ किंवा अंगठी कोणी विकत असेल तर घेऊ नका. अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावले. नातू भेट म्हणून घेऊन आला तरी त्यावर इन्सुलिनची मात्रा ठरवू नका.

गळ्यातले बटण

आता काकूंचे लॉकेट. या देशात सुमारे अठरा लाख लोक असल्या यंत्रांवर विसंबून आहेत. बटण दाबले की फोनच्या तारेवरून मदत केंद्राला आवाज जातो. आणि हीच जुनी तांब्याची तार जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहे. सगळे फोन इंटरनेटच्या वाटेने जातील. जुने बटण नव्या तारेवर चालेलच असे नाही. वीज गेली की नवा फोनही मुका होतो.

काकूंना यातले काही ठाऊक नव्हते. म्हणून सांगते. फोन कंपनीला आणि बटणाच्या कंपनीला, दोघांनाही फोन करा. "माझ्याकडे अलार्म आहे" हे नोंदवायला सांगा. फोन बदलून झाला की बटण दाबून पाहा, पलीकडे माणूस बोलला तरच काम झाले समजा. मोबाइल नसेल, किंवा घरात त्याला रेंज नसेल, तर वीज गेल्यावर निदान तासभर आणीबाणीचा फोन लावता येईल अशी सोय मोफत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि बटण गळ्यात घाला, खुंटीला नको. पडलेल्या माणसाला खुंटी हाताला लागत नाही.

पुढे येणारे दिवस

२०२५ च्या जुलैमध्ये सरकारने एनएचएसची दहा वर्षांची योजना मांडली. रुग्णालयाकडून घराकडे, कागदाकडून संगणकाकडे, उपचाराकडून प्रतिबंधाकडे, अशी तिची दिशा आहे. घरीच खाट, अंगाला यंत्रे आणि दूरवरून लक्ष ठेवणारी नर्स, अशा व्हर्च्युअल वॉर्डात आपल्यातले काही जण राहूनही आले आहेत. फोन वापरता येत नसेल तर लाजू नका. सर्जरीत फोन करून किंवा जाऊन सांगायची वाट अजून उघडी आहे.

स्तनांच्या एक्स-रेत कर्करोग शोधायला एआयची मदत होते का, हे पाहण्यासाठी ईडिथ नावाची मोठी चाचणी २०२५ मध्ये जाहीर झाली. सुमारे सात लाख स्त्रिया तीत असतील. बायांनो, एकाहत्तराव्या वाढदिवसानंतर बोलावणे येणे थांबते, पण तुम्ही स्वतः फोन करून दर तीन वर्षांनी तपासणी मागू शकता. ही गोष्ट फार थोड्या जणींना माहीत असते.

अशा प्रत्येक नव्या यंत्राबद्दल मी आता एकच प्रश्न विचारते. हे कोणाच्या अंगावर तपासले? व्हाइटहेडबाईंच्या अहवालातही एआयबद्दल हीच काळजी आहे. यंत्राला ज्यांची चित्रे दाखवून शिकवले त्यांनाच ते नीट ओळखते. म्हणून आपल्यापैकी कोणाला एखाद्या चाचणीत भाग घेण्याबद्दल विचारले तर एकदम नाही म्हणू नका. घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोला. आपण मोजमापात नसलो तर यंत्रही आपल्याला ओळखणार नाही. आणि एखादे यंत्र चुकते असे वाटले तर एमएचआरएच्या यलो कार्डावर तक्रार नोंदवा. ते फक्त डॉक्टरांसाठी नाही, रुग्णही भरू शकतो. मी २०२१ मध्ये भरले नाही, भरायला हवे होते.

काहींनी शब्बाथबद्दल विचारले. मी रब्बी नाही, तेव्हा बारकावे त्यांनाच विचारा. पण जीव वाचवणे शब्बाथच्याही वर आहे, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. शनिवारी छातीत दुखले तर बटण दाबायला संध्याकाळची वाट पाहायची नसते. तसेच यॉम किप्पूरचे, ज्याला आपल्या आज्या दारफाळणीचा सण म्हणत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपासाचे आधी डॉक्टरांशी बोलावे. साखर खाली गेली तर तिथेच उपास सोडावा.

मलिद्याच्या त्या संध्याकाळी मी आत्यांच्या बोटाला चिमटा लावला. ९६ आला. मग श्वास मोजले, सोळा. ओठ उलटून पाहिला, गुलाबी. शेवटी म्हटले, "आत्या, एका दमात काहीतरी लांबलचक बोला." त्यांनी अलिबागच्या घरातल्या आपल्या नऊ भावंडांची नावे थोरल्यापासून धाकट्यापर्यंत घेतली आणि वर विचारले, "आणखी कोणाची घेऊ?"

कागदावर मोठ्या अक्षरांत "माझा नेहमीचा ९६" असे लिहून मी तो त्यांच्या पर्समध्ये ठेवला. घरी जाऊन फ्रिजवर लावला की नाही, हे विचारायला मी परवा फोन केला होता. लावला आहे. तुम्हीही लावा.

पुढच्या अंकात कानाच्या यंत्रांविषयी. प्रश्न असतील तर संपादकांकडे पाठवा.